पालथा दिसलो तर उताणा कर

हेलसिंकीच्या बंदराजवळ मालवाहू जहाजाचा एक जुना लोखंडी कंटेनर पडलेला आहे. त्यात एक माणूस राहायला आला आहे. त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, गाव आठवत नाही, लग्न झालं होतं की नाही तेही आठवत नाही. शहरात पाऊल ठेवलं त्याच रात्री गुंडांनी डोक्यात दांडकं घातलं, तेव्हापासून मागची पाटी कोरी. तो कंटेनर झाडूनपुसून घेतो, समोरच्या वीतभर जमिनीत बटाटे लावतो, कुठून तरी एक ज्यूकबॉक्स आणतो. मग एक वायरमन खांबावरून त्याला विजेची तार ओढून देतो. काम झाल्यावर आपला हा अनामिक विचारतो, तुमचे किती झाले? वायरमन चेहऱ्यावरची माशीही न हलू देता सांगतो की, मी कधी गटारात पालथा पडलेला दिसलो तर मला उताणा कर, म्हणजे फिटलं.

माझी छत्तीस वर्षं बँकेत गेली, त्यातली निम्मी कर्जाचे अर्ज वाचण्यात. परतफेडीची अशी अट मी कुठल्याही करारनाम्यात पाहिली नव्हती. व्याज नाही, हप्ता नाही, मुदत नाही. आणि तरी दोन्ही बाजूंना मान्य असलेला व्यवहार पक्का झालेला आहे. चित्रपटाचं नाव ‘द मॅन विदाउट अ पास्ट’, म्हणजे भूतकाळ नसलेला माणूस. साल २००२. दिग्दर्शक फिनलंडचा आकी काउरिस्मॅकी. या प्रसंगाला मी मोठ्यानं हसलो आणि पाठोपाठ थोडा खजीलही झालो. का, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

चित्रपट महोत्सवांत एखाद्या दिग्दर्शकाचे चित्रपट ओळीनं दाखवतात, त्याला ‘सिंहावलोकन’ म्हणतात. आम्ही या पावसाळ्यात ते घरच्या घरी केलं. मुलानं आणून दिलेल्या तबकड्या, रात्रीची जेवणं आटोपल्यानंतरची वेळ आणि प्रेक्षक दोन : मी आणि सौ. १९८३ च्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’पासून २०२३ च्या ‘फॉलन लीव्हज’पर्यंत चाळीस वर्षांत या गृहस्थांनी सुमारे दीड डझन कथापट केले. त्यातले बहुतेक दीड तासाच्या आसपास किंवा त्याच्या आतच संपतात. दहाला सुरू केलं की साडेअकराला दिवा मालवता येतो. आमच्या वयात हा गुण लहान नाही.

न हसणारी माणसं

काउरिस्मॅकीचा जन्म १९५७ सालचा, दक्षिण फिनलंडमधल्या ओरिमात्तिला या गावचा. थोरला भाऊ मिका हाही दिग्दर्शक. सिनेमात स्थिरावण्याआधी आकीनं टपाल वाटलं, हॉटेलात भांडी घासली. त्याच्या चित्रपटांतली माणसं अशाच कामांतली आहेत. कचरागाडीवरचा माणूस, दुकानातली कॅशियर, खाणकामगार, ट्रामचा ड्रायव्हर, रात्रीचा पहारेकरी, बूटपॉलिशवाला. ती फारशी बोलत नाहीत. हसत तर नाहीतच. सिगरेट ओढत सरळ समोर बघत बसतात. प्रेमात पडतात तेव्हाही चेहरा रॉकेलच्या रांगेत उभं असल्यासारखा.

गंमत अशी की, पडद्यावर कुणी हसत नाही म्हणूनच आपण हसत राहतो. आपल्याकडे विनोदी नट प्रेक्षकांना आधी सूचना देतो, की आता विनोद येतो आहे, तयार राहा. इथे तशी सूचना नाही. जे काय विचित्र घडायचं ते सरकारी पत्रव्यवहाराच्या थाटात घडतं. ‘कलामारी युनियन’मध्ये (१९८५) फ्रँक याच एका नावाची डझनावर माणसं हेलसिंकीच्या गरीब वस्तीतून समुद्राकाठच्या श्रीमंत वस्तीत जायला निघतात, जणू मधे सहाराचं वाळवंट आहे. ‘हॅम्लेट गोज बिझनेस’मध्ये (१९८७) शेक्सपिअरचा राजपुत्र एका उद्योगसमूहाचा वारस झाला आहे आणि राज्य कशाचं, तर रबरी बदकांच्या जागतिक बाजारपेठेचं! ‘लेनिनग्राड काउबॉइज गो अमेरिका’मध्ये (१९८९) शिंगासारखे केस आणि लांबलचक टोकदार बूट असलेलं एक बँडपथक अमेरिकेला निघतं. त्यांचा एक वादक थंडीत गोठून गेला आहे. त्याला ते शवपेटीत घालून बरोबर नेतात, आणि पेटीत बर्फ आहेच तर त्यातच बिअर गार करत ठेवतात. सौ.नं इथे ‘शी!’ म्हटलं, आणि मग हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

एवढ्यावर थांबला असता तर हा एक विक्षिप्त गंमतीदार दिग्दर्शक म्हणून लक्षात राहिला असता. पण या विक्षिप्तपणाच्या खाली एक हिशेब चालू असतो. कुणाची नोकरी गेली, खिशात किती उरले, खोलीचं भाडं कधी द्यायचं, हे काउरिस्मॅकी कधी विसरत नाही.

सुपारी रद्द करायची कुठे?

१९९० चा ‘आय हायर्ड अ कॉन्ट्रॅक्ट किलर’ घ्या. लंडनच्या पाणीपुरवठा खात्यात पंधरा वर्षं कारकुनी केलेला एक एकलकोंडा फ्रेंच माणूस. (ही भूमिका झाँ-पिएर लेओ या नटाची, त्रुफोच्या चित्रपटांतला तो पोरगा इथे मध्यमवयीन झालेला पाहून आम्हा जुन्या प्रेक्षकांना चुटपुट लागते.) खात्याचं खासगीकरण होतं, नोकरकपात परदेशी माणसांपासून सुरू होते आणि हा घरी बसतो. निरोपाला सोन्याचं घड्याळ मिळतं, ते चालत नाही. मला मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ चालतं, पण पाच मिनिटं मागे.

जगण्यात राम नाही म्हणून तो मरायचं ठरवतो. तेही जमत नाही. एकदा आकडाच निखळून येतो, एकदा गॅस कामगारांचा संप निघतो. शेवटी तो स्वतःच्याच खुनाची सुपारी देतो. मारेकऱ्याची वाट बघून कंटाळतो तेव्हा समोरच्या पबमध्ये जातो. पण जाताना दारावर चिठ्ठी लावून जातो, की मी समोर आहे. याला म्हणतात हाडाचा कारकून! तिथे फुलं विकणाऱ्या एका बाईच्या तो प्रेमात पडतो आणि त्याला जगावंसं वाटू लागतं. सुपारी रद्द करायला धावत जातो, तर जिथे सौदा झाला तो गुत्ताच पाडून टाकलेला, जागेवर नुसता विटांचा ढीग. आता अर्ज द्यायचा कुणाकडे? इकडे मारेकरी स्वतः कॅन्सरनं खंगलेला, पण घेतलेलं काम पुरं केलं पाहिजे म्हणून खोकत खोकत त्याच्या मागावर. दोन प्रामाणिक नोकरदारांची ही पाठशिवणी आहे.

‘एरियल’मध्ये (१९८८) खाण बंद पडते. बाप मुलाच्या हातात आपल्या उघड्या टपाच्या लांबलचक अमेरिकन गाडीची किल्ली ठेवतो, आत जातो आणि गोळीचा आवाज येतो. मुलगा ताइस्तो बँकेतली शिल्लक काढून दक्षिणेकडे निघतो. वाटेत सगळे पैसे लुबाडले जातात. गाडीचं टप काही त्याला लावता येत नाही, म्हणून फिनलंडच्या कडाक्याच्या थंडीत तो डोकं बांधून उघड्या गाडीतून जात राहतो. पुढे तुरुंग, पलायन, मारामारी. चित्रपट संपत आला असताना त्याचा मरणासन्न सोबती गाडीतलं एक बटण दाबतो आणि टप आपसूक वर येतं. इतके दिवस बटण तिथेच होतं! इथे मी हसता हसता थांबलो. हा विनोद म्हणायचा की दुःख, ते मला ठरवता आलं नाही आणि दिग्दर्शकाला ते ठरवण्याची गरज वाटलेली नाही.

‘द मॅच फॅक्टरी गर्ल’ (१९९०) मात्र मुलाबाळांबरोबर पाहण्याचा चित्रपट नव्हे. जेमतेम सत्तर मिनिटांचा. सुरुवातीची काही मिनिटं एकही शब्द नाही. लाकडाच्या ओंडक्यापासून काडेपेटी कशी होते, ते यंत्रं दाखवतात, आणि त्या यंत्रांच्या टोकाला लेबलं तपासणारी आयरिस नावाची मुलगी. आईनं आणि सावत्र बापानं तिला राबवायचं, भेटलेल्या पुरुषानं फसवायचं, असं ठरल्यासारखं चालतं. मग एके दिवशी ती औषधाच्या दुकानात जाऊन उंदराचं विष मागते. हे घेतल्यानं काय होतं, असं विचारते. दुकानदार म्हणतो, मरतात. ती म्हणते, उत्तम. काडेपेटीचा कारखाना चालतो त्याच शिस्तीत ती आपला सूड पुरा करते. काती ओउतिनेन या अभिनेत्रीचा तो फिकट, काही न मागणारा चेहरा दोन दिवस आमच्या घरात वावरत होता.

बँकेचा काउंटर

आता माझ्या खजील होण्याकडे येतो.

काउरिस्मॅकीचा मी पाहिलेला पहिला चित्रपट ‘ड्रिफ्टिंग क्लाउड्स’, म्हणजे वाहते ढग. चित्रपट १९९६ चा. मी तो पाहिला १९९८ साली, पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. इलोना एका जुन्या उपाहारगृहातली मुख्य वाढपीण, नवरा लाउरी ट्राम चालवणारा. चित्रपटाच्या सुरुवातीला नवरा बायकोला चकित करण्यासाठी हप्त्यानं रंगीत टीव्ही आणतो. मग ट्राम कंपनीत कपात येते. कुणाला काढायचं? ड्रायव्हरांना पत्ते ओढायला लावतात. लाउरीचं पान हलकं निघतं. थोड्याच दिवसांत इलोनाचं उपाहारगृहही एका साखळी कंपनीच्या घशात जातं आणि दोघंही घरी.

ही कल्पनेची भरारी नव्हती. फिनलंडमध्ये ऐंशीच्या दशकात कर्जवाटपावरचे निर्बंध सैल झाले, बँकांनी हात सोडून कर्जं दिली, जागांचे आणि शेअरचे भाव फुगले. मग फुगा फुटला. १९९१ मध्ये शेजारचं सोव्हिएत संघराज्य कोसळलं आणि त्याच्याशी चालणारा व्यापारही. त्याच सप्टेंबरात स्कोपबँक ही मोठी बँक तिथल्या मध्यवर्ती बँकेला ताब्यात घ्यावी लागली. १९९० साली ३ टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी १९९४ पर्यंत १६ टक्क्यांच्या वर गेली. सरकारनं बँका सावरल्या. ट्रामच्या ड्रायव्हरांना कोण सावरणार?

चित्रपटात इलोना आणि लाउरी स्वतःचं उपाहारगृह काढायचं ठरवतात आणि कर्ज मागायला बँकेत जातात. नीटनेटके कपडे, मांडीवर हात. समोरचा अधिकारी हमी काय देता विचारतो. हमी नसते. एवढाच प्रसंग. सभागृहात थोडं हसू उठलं, कारण दोघांचे चेहरे नेहमीप्रमाणे ठोकळ्यासारखे. मी हसलो नाही. मी काउंटरच्या पलीकडे बसलेल्या माणसाकडे बघत होतो. तो वाईट नव्हता. तो मीच होतो.

त्याआधी दोन वर्षं मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एके दुपारी पन्नाशी उलटलेला एक माणूस आला. सोलापूरच्या एका गिरणीच्या कँटीनमध्ये आचारी होता. गिरणी बंद पडली म्हणून गावी परतलेला. एसटी स्टँडजवळ खानावळ काढायची म्हणून पंचवीस हजार हवे होते. वहीच्या रेघी पानावर त्यानं स्वच्छ अक्षरात अंदाजपत्रक लिहिलं होतं. दोन शेगड्या, चार पातेली, परात, चोवीस ताटं, चोवीस वाट्या, चोवीस पेले, सहा बाकडी. बेरीज अचूक होती. मी ती दोनदा तपासली, सवयीनं.

तारण विचारलं. घर भाड्याचं. जामीनदार? दोघांची नावं दिली होती, दोघंही त्याच गिरणीतून घरी बसलेले. बेकारांसाठीच्या सरकारी योजनेत बसवावं तर तिथे वयाची अट पस्तिशीची. मी अर्जावर शेरा मारला. नियमानं बघितलं तर शेरा बरोबर होता. दुसरा कुणी खुर्चीत असता तर त्यानंही तोच मारला असता. त्याच वर्षी मी मंजूर केलेली दोन मोठी कर्जं पुढे बुडीत खात्यात गेली. त्यांची कागदपत्रं मात्र निर्दोष होती. येताना त्या आचाऱ्यानं एक पितळी डबा आणला होता, तो टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला होता. त्या डब्याचं शेवटी सांगतो.

चित्रपटात इलोनाला तिची जुनी मालकीण योगायोगानं भेटते आणि भांडवल देते. दारुड्या झालेल्या जुन्या आचाऱ्याला व्यसनमुक्तीला धाडून माणसात आणतात. नव्या उपाहारगृहाचं नाव ठेवतात ‘काम’. पहिल्या दिवशी जेवणाची वेळ होते, सगळे दारात उभे आणि गिऱ्हाईक एकही नाही. तो रिकामा वेळ काउरिस्मॅकी कापत नाही. मग एकेक जण येऊ लागतो, फोन वाजतो, पहिलवानांच्या एका संघाला तीस जणांची जागा हवी असते. नवरा-बायको बाहेर येऊन आकाशाकडे बघतात. संपलं.

या चित्रपटाची एक हकिकत सांगण्यासारखी आहे. मुख्य भूमिका मात्ती पेल्लोनपॅ या नटाची असणार होती. गळालेल्या मिशांचा, उदास डोळ्यांचा हा नट म्हणजे काउरिस्मॅकीच्या दुनियेचा चेहराच. १९९५ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं तो गेला. मग संहिता बदलून मध्यवर्ती भूमिका ओउतिनेनला दिली. चित्रपटात या जोडप्याचं एक मूल वारलेलं आहे. त्याबद्दल कुणी अवाक्षर बोलत नाही, फक्त एका मुलाचा फोटो दिसतो. तो फोटो पेल्लोनपॅच्याच लहानपणीचा. गेलेल्या मित्राला शोकसभेचं भाषण न करता दिग्दर्शकानं असं घरात ठेवून घेतलं.

आता सगळे चित्रपट ओळीनं बघताना लक्षात आलं की, बँक याच्याकडे पुन्हा पुन्हा येते. ‘लाइट्स इन द डस्क’मधला (२००६) पहारेकरी स्वतःचा धंदा काढायला कर्ज मागतो आणि अपमान करून घेऊन परत येतो. आणि ‘द मॅन विदाउट अ पास्ट’मधला बँकेचा प्रसंग तर मी तीन वेळा मागे नेऊन पाहिला. आपल्या अनामिकाला वेल्डिंगचं काम मिळतं आहे. पगारासाठी खातं हवं, म्हणून तो बँकेत येतो. ओसाड शाखेत एकच बाई उरली आहे. बँक उत्तर कोरियाला विकली गेली आहे, असं ती तारीख-वार सांगावा तसं सांगते. एवढ्यात बंदूक घेऊन एक म्हातारा शिरतो. दरोडेखोर कसला, बांधकामाचा धंदा बुडालेला मालक तो. त्याचं खातं बँकेनं गोठवलेलं. कामगारांचे पगार थकलेले. तो आपल्याच खात्यातले पैसे काढायला आला आहे, फक्त पैसे काढण्याच्या चिठ्ठीऐवजी बंदूक आणली आहे. दोघांना तिजोरीच्या खोलीत कोंडून तो जातो. नंतर अनामिकाला गाठून पगाराची पाकिटं त्याच्या हवाली करतो, ज्याची त्याला पोचती कर म्हणतो, आणि स्वतःला गोळी घालून घेतो.

कायद्यानं हा गुन्हा, यात शंका नाही. पण जमाखर्चाच्या दृष्टीनं बघा : देणं शेवटच्या पैपर्यंत चुकतं झालं, पदरचं काही ठेवून घेतलं नाही. बँकेच्या वहीत हा माणूस थकबाकीदार. कामगारांच्या वहीत?

काउरिस्मॅकीचा सगळा विनोद मला या दोन वह्यांमधला वाटतो. एक वही कार्यालयाची. तिला नाव लागतं, पत्ता लागतो, तारण लागतं. या तिन्हींपैकी काही नसेल तर तिच्या लेखी माणूस नाहीच. अनामिकाला नाव सांगता येत नाही म्हणून पोलीस अडकवून ठेवतात, ते उगाच नव्हे. दुसरी वही उघड्यावर राहणाऱ्या माणसांची. तिच्यात कंटेनरचा संसार, खांबावरून ओढलेली तार, आणि पालथ्याला उताणा करण्याची हमी यांची नोंद होते. पहिल्या वहीची भाषा दुसरीला कळत नाही आणि दुसरीची पहिलीला. दोन्ही वह्या एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या की हसू येतं. आणि जरा वेळानं घशाशी काहीतरी अडकतं.

असं कुठे होतं का?

‘ल हाव्र’ (२०११) पाहून झाल्यावर सौ. म्हणाली, ‘अहो, छान आहे, पण असं कुठे होतं का?’ फ्रान्समधल्या बंदराच्या गावी बूटपॉलिश करणारा म्हातारा मार्सेल, त्याची आजारी बायको, आणि कंटेनरमधून चोरून आलेला आफ्रिकेतला इद्रिसा नावाचा पोरगा. पावाच्या दुकानाची मालकीण, भाजीवाला, गुत्त्याची मालकीण सगळे मिळून पोराला लपवतात. ज्यांच्याकडे त्याची उधारी थकली आहे तेच त्याला फुकट सामान देतात. इन्स्पेक्टरसुद्धा ऐन वेळी डोळेझाक करतो. आणि डॉक्टरांनी आशा सोडलेली बायको खडखडीत बरी होते. घरी येतात तर दारातलं चेरीचं झाड फुललेलं!

सौ.चा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. ‘मॅच फॅक्टरी गर्ल’मध्ये दयेचा थेंब न ठेवणारा हाच माणूस पुढे पुढे चमत्कारांवर उतरला आहे. काही चित्रपट तर मला कंटाळवाणेही वाटले. काउबॉइजची दुसरी फेरी (१९९४) पहिलीची शिळी कढी आहे. तेच चेहरे, त्याच निळ्या-लाल भिंती, तोच कोपऱ्यातला बँड. तिमो साल्मिनेन हा एकच छायालेखक जवळजवळ सगळ्या चित्रपटांना असल्यानं दहावा चित्रपट बघताना पाचवा परत लावला की काय, असं वाटतं.

पण चमत्काराबद्दल मी सौ.ला एक म्हणालो. काउरिस्मॅकी तो चमत्कार लपवून आणत नाही. चेरीचं झाड इतकं उघड उघड फुललेलं आहे, की जणू तो सांगतो आहे, हे खरं नाही हे मलाही ठाऊक आहे, पण खरं असायला काय हरकत होती? ‘द अदर साइड ऑफ होप’मध्ये (२०१७) सीरियातून आलेला खालेद कायद्याच्या दारात रीतसर आश्रय मागतो. कार्यालय त्याची कहाणी शांतपणे टंकित करून घेतं आणि नकार देतं. आसरा देतो तो एक उपाहारगृहवाला, तोही आधी मारामारी करून! या चित्रपटाला बर्लिनमध्ये दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं.

आणि हे तत्त्व पडद्यापुरतं नाही. २००२ मध्ये इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांना अमेरिकेचा व्हिसा वेळेत मिळाला नाही, तेव्हा काउरिस्मॅकीही न्यूयॉर्कच्या महोत्सवाला गेला नाही. पुढच्या वर्षी ऑस्करचं नामांकन असूनही, इराकवर युद्ध घालायला निघालेल्या देशात सोहळ्याला येणार नाही म्हणाला. फायद्यातोट्याचा विचार करणारा कोणीही त्याला हा सल्ला दिला नसता. २०२१ मध्ये कार्किला या जुन्या लोखंड कारखान्याच्या गावी, बंद पडलेल्या कारखान्याच्या इमारतीत, त्यानं मित्राबरोबर एक चित्रपटगृह उघडलं. नाव ‘किनो लाइका’. गावाला थिएटर हवं, एवढाच त्यातला प्रकल्प अहवाल.

दुसरी ताटली

२०१७ मध्ये हा शेवटचा चित्रपट म्हणून जाहीर करणाऱ्या माणसानं २०२३ मध्ये ‘फॉलन लीव्हज’ केला, आणि कान महोत्सवात त्याला ज्युरी पुरस्कार मिळाला. आन्सा एका मोठ्या दुकानात कामाला. मुदत संपलेलं, फेकून द्यायचं अन्न घरी नेलं म्हणून तिची नोकरी जाते. होलाप्पा लोखंडकाम करणारा, कामावरसुद्धा चोरून पिणारा. तिच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या रेडिओवर युक्रेनच्या युद्धाच्या बातम्या येत राहतात. ती त्याला जेवायला बोलावते. एकटीचा संसार, घरात ताटली एकच. म्हणून दुकानात जाऊन ती दुसरी ताटली, काटा, सुरी विकत आणते. जेवण होतं, तो दारूवरून भांडून निघून जातो, आणि ती ती नवी ताटली उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकते.

सबंध सिंहावलोकनात मला सगळ्यात जास्त लागलेला प्रसंग हाच. ना आरडाओरडा, ना अश्रू. एक ताटली आली, एक गेली. चित्रपट पुढे गोड होतो, कुत्र्याचं नाव चॅप्लिन निघतं, ते सगळं ठीक. मला मात्र रेघी पानावरची चोवीस ताटं आठवली.

तर त्या डब्याचं. माझा नकार ऐकून तो आचारी क्षणभर गप्प बसला. रागावला नाही. मग डबा माझ्यापुढे सरकवून म्हणाला, ‘साहेब, तारण म्हणून माझ्याकडं एवढंच हाय. खाऊन बघा, मग ठरवा.’

अर्जदाराकडून काहीही घ्यायचं नाही, हा बँकेचा नियम. नियम चांगला आहे, नव्या अधिकाऱ्यांना मी आजही तोच सांगेन. मी डबा परत सरकवला. त्यानं तो उचलला, नमस्कार केला आणि झुलतं दार हातानं थोपवून, आवाज न करता बाहेर गेला. दुपारचे अडीच वाजले होते आणि मी जेवलो नव्हतो. पुढे माझी बदली झाली. त्या एसटी स्टँडजवळ खानावळ निघाली की नाही, याची मी कधी चौकशी केली नाही. करता आली असती.

ही गोष्ट इतक्या वर्षांत मी सौ.ला सांगितली नव्हती. ‘फॉलन लीव्हज’ संपल्यावर, दिवा मालवण्याआधी, सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘निदान झाकण तरी उघडून बघायचं होतं.’